‘शोले’चा कोणता शेवट आपला मानायचा?

भुईकोट

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकांनी पाहिलेला शेवट दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी मुळात चित्रित केलेला नव्हता, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मूळ शेवटात ठाकूर बलदेवसिंग खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला तुडवतो आणि अखेर गब्बर त्याच दोन खांबांपाशी मरतो, जिथे त्याने ठाकूरचे हात तोडलेले असतात. सेन्सॉरने त्याला हरकत घेतली. २५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झालेली होती, प्रदर्शन तोंडावर आले होते, आणि एक माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेऊन माणूस मारतो हे दाखवू दिले जाणार नव्हते. म्हणून शेवट नव्याने चित्रित झाला. त्यात ऐन क्षणी पोलीस येतात, ठाकूरला कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला बेड्या पडतात.

मूळ शेवट असलेली प्रत चित्रफितीवर आणि पुढे तबकडीवर अनेकांनी पाहिली असेल. पण ती पाहणे म्हणजे पुसट रंगांत, खरखरत्या आवाजात अंदाज बांधण्यासारखे होते. २७ जून २०२५ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी जीर्णोद्धार केलेली प्रत उघड्या चौकात दाखवली गेली, आणि डिसेंबरात ती आपल्याकडच्या पडद्यांवर आली. त्यामुळे पन्नास वर्षांनी दोन्ही शेवट एकाच तोलाने समोर ठेवता येतात.

माझे मत आधीच सांगतो. मूळ शेवटच योग्य आहे, आणि त्याचे कारण गब्बर मरतो हे नाही. गब्बर मेल्यावर ठाकूर ढसाढसा रडतो, हे कारण आहे. संजीवकुमार यांनी तीन तास ज्या माणसाचा चेहरा दगडासारखा ठेवला, तो माणूस सूड पूर्ण झाल्यावर कोसळतो, कारण जगण्यासाठी राखून ठेवलेले एकमेव काम संपलेले असते. पोलीस आले की हे कोसळणे घडतच नाही, आणि ठाकूरची गोष्ट अर्धवट राहते. ठाकूरचा नोकर रामलाल त्या जोड्यांना खिळे ठोकतो ते दृश्यही १९७५ च्या प्रतीत नव्हते. ते पाहिल्यावर सूड ही किती थंडपणे केलेली तयारी होती हे कळते.

सदस्यांना विनंती अशी, की आपल्याला कोणता शेवट पटतो ते चित्रपटातल्याच आधाराने सांगावे. संवादांची उजळणी कृपया नको; ते सगळ्यांना पाठ आहेत.

पूर्वभागकर

भुईकोट, विषय चांगला काढलात. आमचे घर सोलापूरच्या पूर्वभागातले, विणकराचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कन्नड, बाजारात दखनी, अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला ‘शोले’ची हिंदी परकी वाटली नाही, माझ्या आईला मात्र जेमतेम कळत असे, तरी चित्रपट पूर्ण कळला, ही त्याच्या रचनेची ताकद मानावी लागेल. तेव्हा शहरातल्या कापड गिरण्या चालू होत्या, पाळी सुटली की टॉकीजच्या दारात गर्दी होत असे आणि मागच्या बाकांवरून पडद्याला उत्तरे दिली जात. ध्वनिमुद्रिका निघाल्यावर तर हॉटेलांत गाण्यांऐवजी संवाद वाजू लागले आणि चहा पिणारे पुढचे वाक्य आधीच म्हणू लागले.

त्या प्रेक्षकांबद्दल एक गोष्ट मला या चर्चेत महत्त्वाची वाटते. १९७२ चा दुष्काळ तेव्हा अगदी ताजा होता. सोलापूर जिल्ह्यातली माणसे खडी फोडून, पाझर तलावाची माती वाहून, परदेशातून आलेला लाल मिलो आणि सुकडी खाऊन निभावली होती. गब्बरचा माणूस कालिया आणि त्याचे सोबती रामगढात धान्याची पोती मागायला येतात, ते दृश्य आज पाहणाऱ्याला गब्बरच्या प्रवेशाची नुसती तयारी वाटते. आमच्या आजूबाजूला बसलेल्यांना ते तसे वाटत नव्हते. घरातले पोते उचलून नेणारा माणूस त्यांच्या दृष्टीने दरोडेखोराहून वाईट होता, आणि ठाकूर ते देण्यास नकार देतो तेव्हा जो आवाज उठे तो मारामारीच्या दृश्यांतल्या शिट्यांपेक्षा वेगळा असे.

अशा प्रेक्षकाला पोलीस आलेले आवडले का, असे विचाराल तर नाही. ठाकूर गब्बरचे हात जोड्याखाली चिरडतो तिथपर्यंत लोक उभे राहून बघत, आणि पोलीस आले की खाली बसत. पण चिडून कोणी बाहेर गेल्याचे आठवत नाही. पोलीस येऊन सगळे आवरतात ही त्या काळच्या हिंदी चित्रपटाची ठरलेली रीत होती, ती लोक निमूटपणे सोसत. मी इतकी वर्षे त्याच शेवटासोबत काढली आहेत आणि मला तोच आपला वाटतो. ठाकूर स्वतः पोलीस होता, त्याने गब्बरला एकदा कायद्यानेच पकडले होते. दुसऱ्यांदाही त्याने तो कायद्याच्याच स्वाधीन केला, यात मला त्याची हार दिसत नाही.

रीळबदल

दोघांच्याही मतांचा आदर ठेवून मी वेगळ्या बाजूने येतो. कोणता शेवट नैतिक, हे ठरवण्यापूर्वी हा चित्रपट हिंसा दाखवतो कशी, ते पाहायला हवे.

गब्बर हातावर चढलेला मुंगळा चिरडतो आणि पुढच्याच दृश्यात गावातल्या इमामाच्या मुलाचे, अहमदचे प्रेत घोड्यावरून गावात येते. सचिन पिळगावकरांच्या अहमदला कसे मारले, ते आपण पाहत नाही. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येत झोपाळ्याची कुरकूर चालू असते, लहानग्या नातवावर बंदूक रोखली जाते, आणि गोळीसरशी आपण आगगाडीपाशी पोहोचतो, कारण ठाकूर घरी परततो आहे. पुढे वाऱ्याने प्रेतांवरची कापडे उडतात. ठाकूरचे हात तोडण्याच्या वेळीही तलवारी उगारलेल्या दिसतात, आणि मग वर्तमानात येऊन खांद्यावरची शाल घसरते. चित्रपटातले सर्वांत क्रूर असे हे तीनही प्रसंग कात्रीने घडवलेले आहेत. ती कात्री माधव एस. शिंदे यांची होती. ‘शोले’ला त्या वर्षीच्या फिल्मफेअर पारितोषिकांत अनेक नामांकने होती आणि मिळाले ते एकच, संकलनाचे, सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘दीवार’ ठरला. आपल्या मराठी मंडळींनी विजू खोटे यांच्या कालियाचे कौतुक भरपूर केले आणि ते योग्यच आहे. शिंदे यांचे नाव मात्र किती जणांना ठाऊक आहे, याची मला शंका आहे. रामगढ उभे करणारे कलादिग्दर्शक राम येडेकर यांचेही तेच.

आता मूळ शेवटाकडे या. जो चित्रपट तीन तास क्रौर्य पडद्याबाहेर ठेवतो, तो शेवटी गब्बरला तुडवले जाताना आणि मरताना सावकाश दाखवतो. मला तिथे चित्रपट स्वतःची शिस्त मोडतो असे वाटते. सेन्सॉरने जे केले ते दडपणाखाली आणि वाईट हेतूने केले असेल, पण त्यामुळे गब्बरचा मृत्यू न दाखवला जाणे हे चित्रपटाच्या स्वभावाशी अधिक जुळले. अर्थात पोलिसांचे आगमन फारच ओढूनताणून आणलेले आहे, ते मी नाकारत नाही.

निवांत_वाचक

न्यायालयात आयुष्य गेल्यामुळे मला या शेवटाचा कायदेशीर भाग गमतीचा वाटतो. पोलीस येऊन ठाकूरला सांगतात की शिक्षा देण्याचा अधिकार फक्त कायद्याला आहे. पण त्याआधीच्या तीन तासांत हा कायदा कुठे होता? रामगढात ठाणे नाही, गस्त नाही, गाव लुटले जाते तेव्हा कोणी येत नाही. निवृत्त पोलीस अधिकारी तुरुंगातून सुटणाऱ्या जय आणि वीरू या दोन चोरांना पैसे देऊन आणतो, ते त्याला हवा असलेला माणूस जिवंत पकडून देण्यासाठी, आणि तो माणूस न्यायालयात द्यायचा असा विचार त्याच्या मनात क्षणभरही नसतो. वीरू गब्बरला मारण्याच्या बेतात असतो तेव्हा ठाकूर त्याला जयने दिलेल्या शब्दाची आठवण देतो. म्हणजे मेलेल्या मित्राचा शब्दही सूडासाठी वापरला जातो. हे सगळे झाल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत कायदा आणला, तर तो पाहुण्यासारखाच वाटणार.

पूर्वभागकर काका म्हणतात तसे ठाकूरने गब्बरला एकदा कायद्याने पकडले होते, हे खरे. परंतु त्याचा परिणाम काय झाला? गब्बर तुरुंग फोडून बाहेर आला आणि त्याने ठाकूरचे घर संपवले. त्यामुळे दुसऱ्यांदा बेड्या पडताना पाहून माझ्यासारख्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की या वेळी तुरुंगाच्या भिंती किती उंच आहेत. १९७५ च्या शेवटात हा प्रश्न कोणी विचारत नाही, ठाकूरही नाही, आणि तिथेच मला तो शेवट अप्रामाणिक वाटतो. रीळबदल यांचा मुद्दा कलेच्या अंगाने बिनतोड आहे. मात्र पडद्यावर काय दिसू नये हे दिग्दर्शकाने ठरवणे आणि सरकारने ठरवणे यात फरक केलाच पाहिजे, कारण निकाल एकच आला तरी अधिकार वेगळा असतो.

बाळीवेस

इतके प्रतिसाद आले आणि ठाकूरच्या सुनेचे, राधेचे नाव कोणी घेतले नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. चित्रपटाच्या दोन्ही शेवटांतही ते कोणी घेत नाही.

ठाकूरच्या घरात हत्याकांड झाले त्या दिवशी राधा देवळात गेलेली होती म्हणून वाचली. गब्बरने तिचा नवरा मारला, सासर मारले. म्हणजे सूडावर हक्क ठाकूरइतकाच तिचाही आहे. पण खिळ्यांचे जोडे ठाकूरच्या पायात आहेत आणि राधेच्या हातात दिवे आहेत. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी ती दिवे मालवते ते दृश्य सूर्यास्तानंतरच्या जेमतेम काही मिनिटांच्या उजेडात टिपायचे ठरवले आणि त्यासाठी कितीतरी संध्याकाळी खर्ची घातल्या, हे चित्रपटाच्या निर्मितीविषयी वाचणाऱ्यांना माहीत आहे. खाली ओसरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवणारा जय आणि वर एकेक दिवा विझवत जाणारी राधा. शब्द नाहीत, आणि तरीही त्या दोघांचे सगळे कळते. मारधाडीच्या चित्रपटात एवढी उसंत दुसऱ्या कोणी घेतल्याचे मला चटकन आठवत नाही. जया भादुरींचे होळीचे दृश्य मुद्दाम पाहावे. पूर्वीची बडबडी, रंग उधळणारी मुलगी तिथे एकदाच दिसते आणि त्यामुळेच पुढची पांढरी साडी सहन होत नाही.

आता महत्त्वाचे. ठाकूर राधेच्या वडिलांकडे जाऊन तिच्या पुनर्विवाहाची परवानगी मागतो. सासरा सुनेसाठी स्थळ घेऊन जातो, आणि तेही एका सुटून आलेल्या चोराचे! १९७५ मध्ये, आमच्या पेठेतल्या कित्येक घरांत असा विषय काढायची कोणाची छाती नव्हती. वडील समाजाची भीती सांगतात, ठाकूर ती खोडून काढतो, संमती मिळते. आणि मग लेखक जयला मारतात. राधा खिडकी मिटून घेते आणि चित्रपटातून संपते. वीरूला गाडीच्या डब्यात बसंती भेटते.

आपण दोन शेवटांची चर्चा करतो आहोत, पण तिसरा शेवट होता होता राहिला. पहिल्या काही दिवसांत चित्रपट पडल्याची हाकाटी झाली, व्यवसायातल्या लोकांनी नाके मुरडली, आणि निर्मात्यांच्या गोटात जय जिवंत राहतो असा शेवट नव्याने चित्रित करून जोडावा का, याचा गंभीरपणे विचार झाला. मग सोमवारपर्यंत थांबू असे ठरले, गर्दी वाढत गेली आणि तो बेत बारगळला. म्हणजे तिकीटबारी थोडी अधिक थंड राहिली असती तर राधेचे लग्न झाले असते! सुधारणेसाठी कोणी जयला वाचवणार नव्हते, धंद्यासाठी वाचवणार होते. सेन्सॉरने ठाकूरवर अन्याय केला म्हणून इतकी हळहळ चालली आहे, आणि लेखकांनी राधेवर केलेला अन्याय मात्र ‘करुण शेवट’ म्हणून गौरवला जातो.

ज्वारीचं_कणीस

आमच्या मंगळवेढ्याकडच्या गावात ‘शोले’ जत्रेतल्या तंबूत आला, शहरात येऊन गेल्यानंतर बऱ्याच उशिरा. मध्ये दोरी, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. ७० मिमीचा भव्य पडदा आणि चहूबाजूंनी येणारा आवाज यांविषयी मी पुढे वाचले. आमच्याकडे आली ती ३५ मिमीची, ठिकठिकाणी जोडलेली प्रत. शेवटच्या रिळातला बराच भाग आधीच्या गावांनी खाल्लेला होता. ठाकूर जोडे घेऊन पुढे येतो, एक लाथ बसते, आणि पुढच्या क्षणी वीरू गाडीत चढतो. पोलीस आम्ही पाहिलेच नाहीत. त्यामुळे ठाकूरने गब्बरला मारले, अशीच आमच्या गावाची समजूत होती आणि ती पन्नास वर्षांनी बरोबर ठरली.

होटगीरस्ता

सर्व ज्येष्ठांची क्षमा मागून लिहितो. मी हा चित्रपट दूरदर्शन संचावर, जाहिरातींसह, तुकड्यातुकड्यांत पाहिला आणि अलीकडे प्रथमच टॉकीजमध्ये पूर्ण पाहिला. मोठ्या पडद्यावर आगगाडीचा दरोडा थक्क करणारा आहे. पनवेलजवळच्या लोहमार्गावर कित्येक आठवडे राबून, परदेशी साहसतज्ज्ञांची मदत घेऊन तो केला होता, आणि संगणकाविना केलेल्या त्या कामाला आजही तोड नाही. पण त्यानंतर इंग्रजांच्या जमान्यातला जेलर आणि सूरमा भोपाली यांचे प्रसंग मला लांबलेले वाटले. असरानी आणि जगदीप उत्तम आहेत, तरी गोष्ट तिथे थांबते.

दुसरे असे, की ही कल्पना कोणाची? भाडोत्री योद्धे आणून गाव वाचवणे हे जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’त आहे. हात गमावलेला माजी शिपाई एका चोराला दरोडेखोराविरुद्ध उभा करतो, हे राज खोसला यांच्या १९७१ च्या ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये आहे, तिथेही नायक धर्मेंद्र, आणि दरोडेखोराचे नाव जब्बर सिंग! आणि शेवटाविषयी विचाराल तर, सूड घेऊन रडणारा नायक माझ्या पिढीने इतक्या वेळा पाहिला आहे की मूळ शेवट मला नवा वाटला नाही. उलट हात नसलेला माणूस शत्रूसमोर उभा असताना त्याला कोणीतरी थांबवतो, हेच आज अधिक अनपेक्षित वाटते.

पूर्वभागकर

होटगीरस्ता, क्षमा कशाला मागता, मुद्दा रास्त आहे. उसनवारी आहेच, आणि लेखक सलीम-जावेद यांनीही ती कधी फार लपवली नाही. त्यात आणखी एक योग सांगतो. ‘मेरा गाँव मेरा देश’मधला तो एक हात गमावलेला हवालदार जयंत यांनी रंगवला होता, आणि जयंत हे गब्बर साकारणाऱ्या अमजद खान यांचे वडील. म्हणजे बापाने एका चित्रपटात हात गमावलेल्याची भूमिका केली आणि मुलाने पुढच्या चित्रपटात हात तोडणाऱ्याची. ‘शोले’ लागण्याच्या दोन-अडीच महिने आधी, जूनमध्ये, जयंत वारले; मुलाचा गब्बर लोकांनी कसा डोक्यावर घेतला ते त्यांना पाहता आले नाही. तीही भूमिका आधी डॅनी यांना दिलेली होती, परंतु ते ‘धर्मात्मा’च्या चित्रीकरणासाठी अफगाणिस्तानात अडकले म्हणून अमजद यांच्याकडे आली.

एका ठिकाणी मात्र तुमच्याशी जमत नाही. सूडाचे चित्रपट तुम्ही इतके पाहिलेत ते बहुतांशी ‘शोले’नंतरचे आहेत. नातवाची सवय पाहून आजोबाला जुना म्हणू नये.

थोडे अवांतर : रामगढ म्हणजे कर्नाटकातले रामनगर, बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचे. तिथले डोंगर आपल्यासारखे काळ्या बसाल्टचे नाहीत, ग्रॅनाइटचे उघडे गोटे आहेत, म्हणूनच गब्बरचा अड्डा इतका भुंडा आणि निर्दय दिसतो. चंबळच्या दऱ्यांत चित्रपट करण्याची तेव्हाची पद्धत सोडून सिप्पींनी हा भाग निवडला. आमच्या विणकरांत मात्र रामनगरचे नाव आजही निघते ते रेशीमकोषांच्या मोठ्या बाजारासाठी. तिथे चित्रपट झाला हे जुन्या लोकांना नंतर कळले.

रीळबदल

बाळीवेस ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मूळ शेवट आणि पोलिसांचा शेवट यांतला वाद दुय्यम वाटू लागला हे कबूल. तरी एक शंका विचारतो. जय वाचला असता तर त्याचे नाणे वाया गेले असते. ज्या नाण्यावर तो आणि वीरू निर्णय सोपवत, त्याच्या दोन्ही बाजूंना एकच छाप आहे हे वीरूला जयच्या मृत्यूनंतर कळते, आणि आधीचे सगळे कौल त्याने आपल्यासाठी ठरवून दिले होते हे एका क्षणात उलगडते. पटकथेतला हा सर्वांत पक्का धागा आहे. राधेसाठी तो तोडावा का?

बाळीवेस

तोडण्याची गरज नाही. नाणे वीरूच्या हाती पडायला जय मरावाच लागतो असे नाही. पुलावर जखमी पडलेल्या जयच्या मुठीतूनही ते गळू शकले असते. सलीम-जावेद यांच्यासारख्यांना ते जमले नसते असे मी मानत नाही. त्यांनी राधेच्या वडिलांकडून संमती मिळवण्याइतके धाडस केले आणि प्रेक्षकाला तिचे लग्न दाखवण्याइतके केले नाही, एवढाच माझा आक्षेप आहे. पूर्वभागकर काकांना एकच विचारायचे आहे : ठाकूर राधेच्या वडिलांसमोर बसतो, त्या दृश्याला तेव्हा टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूने काही आवाज उठत असे का?

पूर्वभागकर

शिट्या नाहीत, टाळ्या नाहीत. पण त्या दृश्यात मुलांना दटावून गप्प बसवले जात असे, हे नक्की आठवते. एरवी गब्बरच्या वेळीही बायका मुलांना गप्प करण्याच्या भानगडीत पडत नसत.